सासूबाईंची झोप, गुडघे आणि शेजारणीची तेलांची पेटी

मृण्मयी_कर्वेनगर

मंडळी, सल्ला हवाय. पोस्ट लांबली आहे, समजून घ्या.

माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. सासरे गेल्या दिवाळीच्या आधी गेले आणि तेव्हापासून यांची झोप पार उडाली. दहाला आडव्या होतात, एक-दीडला उठतात, की मग उजाडेपर्यंत हॉलमध्ये खुर्चीत बसून असतात. टीव्ही लावत नाहीत, जप करत नाहीत, नुसत्या बसतात. दिवसा डुलक्या आणि चिडचिड. जेवण निम्म्यावर आलंय. बीपीची गोळी आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळीही चालू आहे. गुडघ्यांचं तर विचारूच नका. घरात माझी दीड वर्षाची मुलगी पण आहे.

आमच्याच मजल्यावरच्या एक काकू एका कंपनीची इसेन्शियल ऑइल्स विकतात. आपण घ्यायची, मग आणखी दोघींना घ्यायला लावायची, तसला प्रकार. स्वभावाने चांगल्या आहेत, सासरे गेले तेव्हा तेरा दिवस रोज डबा आणत होत्या, त्यामुळे तोंडावर नाही म्हणवेना. त्यांनी पेटी आणून दिली आहे: लॅव्हेंडर, पेपरमिंट, लिंबू, नीलगिरी, टी ट्री, आणि विंटरग्रीन घातलेलं एक "सांध्यांचं मिश्रण". सोबत वाफ सोडणारं डिफ्यूझर. पैसे "सावकाश द्या" म्हणाल्या, पण आकडा ऐकून नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला.

सूचना अशा: लॅव्हेंडर रात्रभर डिफ्यूझरमध्ये आणि कानामागे थेट दोन थेंब. गॅस झाला तर पेपरमिंटचे दोन थेंब पाण्यातून. सांध्यांचं मिश्रण सकाळ-संध्याकाळ गुडघ्यांना. बाळाला सर्दी झाली की नीलगिरी उशीवर. "आमचं तेल थेरप्युटिक ग्रेडचं आहे, पोटात गेलं तरी चालतं." वर त्या फ्रेंच शास्त्रज्ञाची गोष्ट, ज्याने भाजलेला हात लॅव्हेंडरच्या पिंपात बुडवला आणि डागसुद्धा राहिला नाही.

सांध्यांचं मिश्रण कालपासून लावतोय, बाकी पेटी अजून कपाटात आहे. यात खरं किती आणि विक्री किती? कोणी वापरलंय का?

सुगंधा_ठाणे

मी वापरते गं. ऑफिसातून आले की लॅव्हेंडरचे तीन-चार थेंब डिफ्यूझरमध्ये घालते आणि अर्धा तास फोन लांब ठेवते. मला तरी फरक पडतो. ब्रँड फार महागातला घेऊ नकोस. पोटात मात्र मी कधी घेतलं नाही, भीती वाटते.

खवचट_काका

फरक फोन लांब ठेवल्याने पडतो. बाकी पुरावा शून्य, सगळं प्लासिबो. तेवढ्या पैशात आईंना चांगली गादी घ्या.

पांझराकाठची

मृण्मयी, माझं आयुष्य धुळ्यात औषधांच्या दुकानात काउंटरमागे गेलं, आता मुलगा बघतो. माहेर साक्री तालुक्यातलं, वडिलांची रोशा या सुगंधी गवताचं तेल काढायची भट्टी होती. त्यामुळे सुगंधी तेल मी दोन्ही टोकांना पाहिलंय: जिथे ते निघतं तिथे, आणि लोक ते पिऊन, भाजून, अंगावर पुरळ घेऊन येतात तिथेही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आजच्या आज करायचं ते. सांध्यांचं मिश्रण बंद कर. विंटरग्रीनचं तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट, अ‍ॅस्पिरिनच्याच घराण्यातलं. ते कातडीतून आत जातं. रक्त पातळ ठेवायची गोळी वॉरफरिन किंवा त्याच जातीची असेल, म्हणजे ठरावीक दिवसांनी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करून डोस ठरवत असतील, तर हे रोज चोळल्याने रक्त नको तितकं पातळ होऊ शकतं. हिरड्यांतून रक्त, विनाकारण काळे-निळे डाग, लाल लघवी किंवा काळी शी, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. काही दिसलं नाही तरी कालपासून लावलंय हे त्यांना फोनवर सांग. आणि ती बाटली मुलीच्या हाती लागता कामा नये. एक चमचा, म्हणजे पाच मिली विंटरग्रीन तेलात साधारण सात ग्रॅम सॅलिसिलेट असतं. अ‍ॅस्पिरिनच्या ३२५ मिलिग्रॅमच्या वीस-बावीस गोळ्या एकदम गिळल्यासारखं आहे ते.

नीलगिरीही कुलपात. आपल्याकडे उटीहून येणारा प्रत्येक जण ती छोटी बाटली घेऊन येतो आणि ती देवघराशेजारी, फ्रिजवर, कुठेही पडलेली असते. लहान मुलाने काही मिली जरी प्यायलं तरी आधी गुंगी येते, मग झटके येऊ शकतात. असं कधी कुठे झालंच तर उलटी करवू नका, ते तेल फुफ्फुसात उतरतं. बाटली हातात घेऊन थेट दवाखाना गाठायचा. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाजवळ नीलगिरी, पुदिना, कापूर यातलं काही नको. सर्दीच्या बामच्या डबीवरसुद्धा ते बारीक अक्षरात छापलेलं असतं, वाचत कोणी नाही. कापराची तीच गत. आपल्या आज्या कापूर-ओव्याची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात अडकवायच्या. ती चघळून झटके आलेलं लेकरू आईच्या कडेवर दुकानात आलेलं मी पाहिलंय, आणि त्या दिवशी मी काउंटर तसंच टाकून तिच्याबरोबर रिक्षात बसले होते. मोठ्या माणसांतही, विशेषतः आधी फिट येऊन गेलेली असेल तर, कापूर आणि नीलगिरीने झटके येऊ शकतात. २०२१ साली दक्षिण भारतातल्या डॉक्टरांनी यावर अनेक रुग्णालयांतले रुग्ण घेऊन अभ्यास छापला होता.

कानामागे थेट तेल लावणंही नको. वय झालेली कातडी पातळ असते. लावायचं तर ३० मिली तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात सहा थेंब, म्हणजे एक टक्का. तेवढ्याने वास भरपूर येतो.

आता तुझा खरा प्रश्न, लॅव्हेंडरने झोप येते का. वासाची वाट इतर संवेदनांपेक्षा जवळची आहे. नाकातल्या पेशींचा निरोप फारसे थांबे न घेता मेंदूच्या त्या भागात पोचतो, जिथे भीती, राग आणि आठवणी हाताळल्या जातात. त्यामुळे वासाने मन क्षणात पालटतं, यात खोटं काही नाही. लॅव्हेंडर हुंगल्यावर झोप बरी लागली, बेचैनी कमी झाली असं सांगणारे बरेच छोटे अभ्यास आहेत. पण त्यात एक मेख आहे. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणती आणि खोटी कोणती हे रुग्णाला कळू देत नाहीत. वास लपवणार कसा? नाकाला कळतंच. म्हणून खवचट काकांची शंका अगदीच टाकाऊ नाही.

पण काका, "शून्य" म्हणू नका. पेपरमिंट तेलाच्या, आतड्यात जाऊन फुटणाऱ्या कॅप्सूल आयबीएसच्या (आतड्यांच्या चिवट तक्रारीच्या) पोटदुखीवर चालतात. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत त्या घेतल्या आहेत. मुरमांवर पाच टक्के टी ट्री जेल आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरमांचं नेहमीचं औषध अशी तुलना ऑस्ट्रेलियात झाली, १९९० मध्ये छापून आली. दोन्हींनी मुरुम कमी झाले, टी ट्रीचा गुण हळू आला पण कातडीला त्रास कमी झाला. आणि लॅव्हेंडरचीच ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल जर्मनीत बेचैनीसाठी औषध म्हणून विकली जाते, तिच्या रीतसर चाचण्या झाल्या आहेत. मात्र ती मोजून-मापून भरलेली कॅप्सूल. बाटलीतले दोन थेंब पाण्यात टाकले तर तेल पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगतं आणि घशाला थेट लागतं. पेपरमिंटचं पाणी पिऊन छातीत जळजळतंय म्हणून अ‍ॅसिडिटीची गोळी न्यायला येणारे कितीतरी असायचे माझ्याकडे.

"थेरप्युटिक ग्रेड" हा शिक्का देणारी सरकारी किंवा स्वतंत्र संस्था कुठेच नाही. कंपनीने स्वतःच स्वतःला दिलेलं ते प्रमाणपत्र. २०१४ मध्ये अशाच साखळीने विकणाऱ्या कंपन्यांना अमेरिकेच्या एफडीएने पत्रं धाडली होती, कारण त्यांचे विक्रेते या तेलांनी इबोला आटोक्यात येतो म्हणून सांगत होते.

बरं, ती फ्रेंच गोष्ट. माणूस खरा, नाव गाटफोसे, अत्तरांच्या धंद्यातला रसायनतज्ज्ञ. १९१० मध्ये प्रयोगशाळेत स्फोट होऊन तो भाजला. पिंपाबिंपात हात बुडवला हे मागाहून जोडलेलं. त्याने लिहिलंय ते असं की भाजलेल्या हातांना पुढे गॅस गँगरीन (जखम सडवणारा जंतुसंसर्ग) झालं आणि तेव्हा त्याने लॅव्हेंडरच्या अर्काने ते धुतले. १९३७ मध्ये त्याचं अरोमाथेरपीवरचं पुस्तक आलं. ती जंतुसंसर्गाची गोष्ट आहे, मन:शांतीची नाही.

भेसळीबद्दल थोडं, कारण ते माझ्या घरचं आहे. रोशा गवत आमच्याकडे डोंगरउतारावर आपसूक उगवतं. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्येही नंदुरबार, पिंपळनेरकडच्या रोशा तेलाची नोंद आहे. पावसाळा सरला आणि गवत फुलोऱ्यावर आलं की वडील नाल्याकाठी भट्टी मांडायचे. मोठ्या भांड्यात गवत दाबून भरायचं, पाणी घालून खाली जाळ, वरची वाफ नळीने नाल्याच्या गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात न्यायची. पाण्यावर पिवळसर तेलाचा थर जमतो, तो काढून घ्यायचा. शंभर किलो गवतामागे अर्धा किलो तेल मिळालं तर वडील खूश. या तेलात जिरॅनिऑल हा सुगंधी घटक भरपूर, आणि तेच गुलाबातही असतं. म्हणून जुन्या काळी आमच्या भागातलं तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानला जायचं आणि तिथे गुलाबाच्या तेलात मिसळलं जायचं. युरोपात त्याला "तुर्की जिरेनियम" म्हणून ओळखायचे, आणि ते यायचं खानदेशातून! सांगायचा मुद्दा, एक किलो गुलाबतेलाला साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, तेव्हा दहा मिली "शुद्ध गुलाब" दीडशे रुपयांत मिळत असेल तर ते काय असेल हे तूच ठरव.

घेताना बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव बघ. लॅव्हँडुला अँगस्टिफोलिया हवं. नुसतं "लॅव्हेंडर" लिहिलेलं बहुधा लॅव्हँडिन या संकरित जातीचं असतं, ते स्वस्त, त्यात कापराचा अंश जास्त, आणि झोपेला तो काही कामाचा नाही. आता जम्मूकडे भद्रवाहला चांगलं लॅव्हेंडर पिकतं, परदेशी बाटलीच हवी असं काही नाही. काच गडद रंगाची असावी, बॅच नंबर असावा. कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून उद्या बघ, तेलकट डाग राहिला तर खाद्यतेल मिसळलंय. (वाळा आणि चंदन जड असतात, त्यांना ही परीक्षा लावू नको.) उघडून वर्ष झालेलं लिंबाचं, टी ट्रीचं, लॅव्हेंडरचं तेल कातडीला लावू नये, हवा लागून ते बदलतं आणि खाज सुटते.

आणि एक विचारायचं राहिलं. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर नावाच्या शेवटी "एच" आहे का? आणि ती कधी घेतात?

निनाद_नागपूर

पांझराकाठच्या ताई, हे सगळं कुठेतरी एकत्र छापा हो.

माझं थोडं वेगळं आहे. कोविडमध्ये वास गेला आणि परत येईना. आईने केलेल्या वडाभाताचा वास नाही, पेट्रोलचा नाही, स्वतःच्या घामाचा नाही. लोकांना हे किरकोळ वाटतं, पण माणूस आतून उदास होतो. गॅस गळतोय का याचीही भीती. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी वासाचा व्यायाम दिला: गुलाब, लिंबू, लवंग, नीलगिरी, चार बाटल्या. सकाळी आणि रात्री प्रत्येकीचा दहा-पंधरा सेकंद हळू वास घ्यायचा आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. निदान तीन महिने. जर्मनीत ड्रेस्डेनच्या डॉ. हुमेल यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. आधी लवंग परतली, तीही अर्धवट, जळक्या रबरासारखी. नंतर हळूहळू बाकीचे. गुलाब अजून फिकाच आहे.

मी यासाठी महाग काही घेतलं नाही. लवंग तेल औषधांच्या दुकानातलं, दातासाठी विकतात ते. फक्त हुंगायचं.

पांझराकाठची

निनाद, छान सांगितलंस. हा व्यायाम निरुपद्रवी आहे आणि बऱ्याच जणांना गुण येतो, पण चिकाटी लागते. लवंग तेल दाताला लावणाऱ्यांसाठी एक: कापसावर टिपून फक्त दुखऱ्या दाताला. हिरडीला लागलं तर तिथे पांढरा फोड येतो. दीड-दोन वर्षांच्या मुलांना तर लावूच नका, पोटात गेलं तर यकृताला इजा होते.

कुडाळची_कुंदा

मृण्मयी, सासूबाई कुठल्या गो? वासाचं गणित माणसागणिक वेगळं असतं. माझ्या आईला लॅव्हेंडर दिलं असतं तर तिने हॉस्पिटलचा वास येतो म्हणून खिडकी उघडली असती.

मृण्मयी_कर्वेनगर

सगळ्यांचे आभार. काल ताईंचं वाचून हात-पायच गळाले. मिश्रणाची आणि नीलगिरीची बाटली नवऱ्याच्या बॅगेत कुलपात आहे. डॉक्टरांना फोन केला. आयएनआर दर महिन्याला करतोच, गोळी वॉरफरिनच्याच जातीची निघाली. त्यांनी तपासणी लवकर करायला सांगितलं, ती ठीक आली.

ताई, तुमच्या "एच"ने कमाल केली. पाकिटावर आहे! आणि ती गोळी त्या रात्री जेवणानंतर घेतात, कारण सासरे असताना दोघांच्या गोळ्या तेच रात्री काढून द्यायचे. तीच सवय पुढे चालू राहिली. हे काय प्रकरण आहे?

कुंदाताई, सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याजवळ. लॅव्हेंडर लावून बघितलं एकदा. दोन मिनिटांत म्हणाल्या, "हॉटेलातल्या साबणासारखा वास येतोय, बंद कर तो धूर." तुमचं म्हणणं तंतोतंत.

कुडाळची_कुंदा

वाटलंच होतं मला! वेंगुर्ल्याकडची बाई म्हणजे सुरंगीची सुवासिक फुलं. त्यांचे ताजे वळेसर (गजरे) पुण्यात कुठून आणणार म्हणा, आणि मोसम उन्हाळ्याच्या तोंडाचा, जेमतेम काही आठवडे. पण विचारून तर बघ त्यांना काय आवडतं.

पांझराकाठची

मृण्मयी, ते "एच" म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारं औषध, बीपीच्या गोळीतच मिसळलेलं असतं. रात्री घेतलं की मध्यरात्री लघवीला उठावं लागतं, आणि या वयात एकदा उठलं की पुन्हा डोळा लागत नाही. मग अंधारात जे मनात येतं ते येतंच. वेळ सकाळची करता येईल का हे डॉक्टरांना विचार, आपल्या मनाने बदलू नको. दुपारी चारनंतरचा चहाही बघ. तेलाच्या आधी मी नेहमी हे बघते, कारण त्याला खर्च नाही.

दुसरं, जरा नाजूक. आठ-नऊ महिने झाले, झोप नाही, जेवण निम्मं, बोलणं नाही. दुःख आहेच, पण या वयात दुःखाआड डिप्रेशन बसलेलं असतं आणि घरच्यांना वाटतं, "होईल हळूहळू." गोळीच्या वेळेचं विचारायला जाशील तेव्हा हेही त्यांच्यासमोरच, चोरून नाही, डॉक्टरांना सांग. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. लॅव्हेंडरवर हे काम टाकू नको.

आता वासाचं. कुंदा म्हणते ते अगदी बरोबर. लॅव्हेंडर त्यांना आवडत नाही, तर विषय संपला. नावडत्या वासाने कोणाला झोप येत नाही, मग त्यात लिनालूल हा लॅव्हेंडरमधला मुख्य घटक कितीही असो. त्यांनाच विचार, आणि निवड त्यांच्यावर सोड. वाळा, चंदन, मोगरा, केवडा, जे म्हणतील ते. डिफ्यूझर नको असेल तर रुमालावर एकच थेंब, उशीपासून हातभर लांब. खोलीत बाळ असेल तर डिफ्यूझर लावूच नको, आणि कधी लावलं तर अर्ध्या तासाने बंद, दार उघडं. रात्रभर वाफ सोडून काही जास्त मिळत नाही, नाकाला काही मिनिटांनी तो वास जाणवेनासाच होतो. उलट घसा धरतो, डोकं दुखतं. घरी मांजर असेल तर आणखी जपून, टी ट्री वगैरे तेलं मांजराच्या यकृताला पचत नाहीत.

गुडघ्यांना साधं कोमट तिळाचं तेल. त्यात माझ्या माहेरचं रोशा घालायचं असेल तर तेच एका टक्क्याचं प्रमाण, आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघ. आमच्याकडे म्हाताऱ्या गुडघ्यांना हेच चोळत आल्या. सांध्यांची झीज त्याने भरून निघत नाही, हेही सांगते. पण तू स्वतः बसून दहा मिनिटं तळपाय, पोटऱ्या, हात चोळून दिलेस तर त्याचा उपयोग मला बाटलीतल्या कुठल्याही थेंबापेक्षा जास्त वाटतो. तेल लावून मालीश करण्यावरचे जे अभ्यास आहेत त्यांतही गुण तेलाचा किती आणि हातांचा किती हे वेगळं काढता येत नाही. काढायचं तरी कशाला? त्यांना बरं वाटतंय ना. फक्त रक्त पातळ आहे, जोर लावू नको.

खवचट_काका

हातांचा, हे मान्य. बाकी मी माघार घेत नाही, पण आयबीएसचं नव्हतं माहीत. माझ्या मेव्हण्याला कळवतो.

पांझराकाठची

काका, मेव्हण्याला छातीत जळजळ होत असेल तर आधी डॉक्टर. पेपरमिंटने अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल पडतो आणि आम्ल वर येतं. कॅप्सूल चावायची नाही, आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, नाहीतर ती पोटातच फुटते.

सुगंधा_ठाणे

ताई, मी रोज लिंबाचं तेल हाताला लावून बाल्कनीत बसते. चालेल ना?

पांझराकाठची

सालं दाबून काढलेलं लिंबाचं किंवा बर्गमॉट या लिंबाच्याच जातीच्या फळाचं तेल असेल तर उन्हात नको. त्यातल्या काही घटकांमुळे ऊन लागताच कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. ऊर्ध्वपातनाने काढलेल्यात तो त्रास जवळजवळ नसतो, पण बाटलीवर ते लिहिलंय का बघ. संध्याकाळी बैस, काही बिघडत नाही.

मृण्मयी_कर्वेनगर

अपडेट देते. डॉक्टरांनी गोळी सकाळी केली. आता रात्रीचं उठणं एकदाच होतं, तेही चारच्या सुमारास. डिप्रेशनबद्दल त्यांनी स्वतः सासूबाईंशी बराच वेळ बोलून एक हलकं औषध सुरू केलंय. रक्ताच्या गोळीशी जमेल असंच निवडलंय म्हणाले. परिणाम दिसायला काही आठवडे लागतील.

वास विचारला. मला वाटलं चंदन म्हणतील. म्हणाल्या, "वाळ्याचं पाणी प्यायचं आहे." डिफ्यूझर नाही, तेल नाही, माठात वाळ्याची जुडी! मंडईत मिळाली. रात्री पायांना तीळतेल चोळते, तेव्हा त्या गावच्या घराबद्दल बोलतात. रोज नाही, पण बोलतात. परवा मला म्हणाल्या, जोर नाही तुझ्या हातात. म्हटलं, डॉक्टरांनी लावू नको सांगितलंय.

पेटीचं विचाराल तर: सीलबंद बाटल्या आणि डिफ्यूझर काकूंनी परत घेतले, मी त्यांना ताईंचं सगळं वाचून दाखवलं. आधी रागावल्या. मग विंटरग्रीनचं ऐकून हळूच म्हणाल्या की त्यांच्या दिरालाही रक्त पातळ ठेवायची गोळी आहे आणि तेही हेच चोळतात. लगेच फोन लावला त्यांना. उघडलेल्या बाटल्यांचे पैसे मी दिले.

ताई, रोशा तेल डासांवर चालतं का? सोसायटीत डेंग्यूचे दोन पेशंट झालेत.

पांझराकाठची

डास पळतात, पण तेल तासा-दोन तासांत उडून जातं आणि डास परत येतात. सिट्रोनेला आणि गवती चहाचंही तसंच. अंगणात बसायला ठीक. डेंग्यू असताना त्यावर विसंबू नका. बाळाला मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि कुंड्यांखालच्या बश्या, कूलर, गच्चीवरची टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करा. तो माठही रोज धुवा आणि वरून फडकं बांधा. जुडी दोन-तीन दिवसांनी उन्हात वाळवून पुन्हा वापरता येते.